जुना कॅमेरा विकायचाय, भाव काय सांगू?

म्हैस विकायची असेल तर आपल्यातली कुणी सहजासहजी फसत नाही. वेत कितवं, दूध किती, चारही सड चालू आहेत का, हे आपल्याला तोंडपाठ असतं. शिलाई मशीनचाही अंदाज येतो. पण घरात लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा पडून असेल आणि तो विकायची वेळ आली, की आपण गप्प होतो. समोरचा सांगेल तो भाव. एरंडोल तालुक्यातल्या आमच्या एका गटात ही वेळ आली होती, म्हणून आजचं बोलणं त्यावर. ताईंचं नाव सांगणार नाही, त्यांनीच नको म्हटलंय. बाकी सगळं सांग, म्हणाल्या.

ताईंचे यजमान लग्नाचं फोटो-शूटिंग करायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. गटाचं ३८,००० रुपये कर्ज बाकी, लेक बारावीला. कपाटात दोन मोठ्या बॅगा होत्या. दीर म्हणाले, भाऊची बिलं आहेत, सगळी मिळून १,८०,००० होतात, दीड लाखाच्या खाली द्यायचं नाही. तेवढ्यात एक व्यापारी गाडीवर घरी आला. त्याने दोन्ही बॅगा उघडून पाहिल्या आणि म्हणाला, "वहिनी, हा डिजिटल माल आहे. आज घेतोय, उद्या कोणी विचारणार नाही. सगळं उक्तं २२,००० देतो." ताई माझ्याकडे आल्या तेव्हा पहिला शब्द हाच होता, "इतलाच?"

खरं सांगते, मी त्यांना म्हटलं होतं, देऊन टाका. कर्जाचा निम्म्याहून जास्त भार उतरेल, एवढाच विचार मी केला. ताईंनीच दोन दिवस थांबायचं ठरवलं, म्हणून पुढचं घडलं.

दीड लाख आणि बावीस हजार, हे दोन्ही आकडे चुकीचेच होते. दिरांचा आकडा बिलातून आला होता आणि व्यापाऱ्याचा आकडा ताईंच्या गरजेतून. कॅमेऱ्याकडे नीट कुणीच पाहिलं नव्हतं.

आधी बिलाचं बोलू. आपण जळगावकडच्या बाया, सोन्याच्या बाजारपेठेजवळ राहतो. सोनं कितीही जुनं असलं तरी वजन आणि कस बघून आजच्या भावाने मोजलं जातं. म्हणून आपल्याला वाटतं की महाग घेतलेली वस्तू महागच राहते. कॅमेरा तसा नाही. त्याचा भाव केळीसारखा असतो. लागवडीला खर्च किती आला ते कुणी विचारत नाही, रावेर-बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला तो बघतात. ताईंच्या यजमानांनी कॅमेरा घेतला २०१८ साली. तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के जीएसटी होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे घेतल्यानंतर काही महिन्यांतच नव्या मालावरचा कर उतरला, मग जुन्याला बिलाचा भाव कोण देणार? काही जणी विचारतात, हिशेबनीस दरवर्षी १५ टक्के घसारा धरतात, तसं काढलं तर? तो आयकराच्या वहीसाठी ठीक आहे. गिऱ्हाईक ती वही बघत नाही.

बिल तरीही जपून ठेवा. भाव ठरवायला नाही, माल चोरीचा नाही हे दाखवायला. कॅमेऱ्याच्या तळाशी नंबर असतो, तोच नंबर बिलावर असला की घेणारा निर्धास्त होतो आणि हजार-दोन हजार जास्तही देतो.

आता वस्तू बघायची कशी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो. ट्रॅक्टर जुना घेताना मीटरवर किती तास चालला ते बघतात. कॅमेऱ्यालाही असा तासमीटर असतो, त्याला शटर काउंट म्हणतात. प्रत्येक फोटोला आतला पडदा एकदा उघडतो आणि मिटतो, ती ही मोजणी. निकॉनच्या कॅमेऱ्यात शेवटच्या फोटोच्या आतल्या माहितीत हा आकडा लिहिलेला असतो, संगणकावर दोन मिनिटांत निघतो. कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो असा दिसत नाही, दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावा लागतो. त्या माणसाला शे-दोनशे द्यावे लागले तरी द्या.

ताईंचा कॅमेरा निकॉन डी ७५०. त्याचा पडदा कंपनीने दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेला आहे. आमचा आकडा निघाला १,६४,०००. ऐकून ताईंचा चेहरा उतरला. पण एका लग्नात दोन-अडीच हजार फोटो सहज होतात, म्हणजे हे सत्तरेक लग्नांचं काम झालं. धंद्याच्या माणसाचा कॅमेरा एवढा चाललेला असणारच. दीड लाख झाले की कॅमेरा बंद पडतो असंही नाही. काही दोन लाखांच्या पुढे चालतात, काही आधीच बसतात. विहिरीच्या मोटारीची हमी संपली म्हणून दुसऱ्या दिवशी ती जळते का? फक्त जोखीम वाढते, आणि त्या जोखमीचे पैसे भावातून कमी होतात. दुरुस्तीवाल्याने नवा पडदा बसवायचा खर्च ९,००० सांगितला.

लेन्स बघायची युक्ती घरीच करता येते. रात्री दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडे उन्हाळा कडक, त्यामुळे वाटतं इथे कुठली बुरशी. पण पावसाळ्यात बंद कपाटात, कापडी बॅगेत राहिलेली लेन्स धरतेच. ताईंच्या मोठ्या लेन्सला कडेला थोडी बुरशी होती. त्या लगेच पदराने पुसायला गेल्या. तसं करू नका. बुरशी आत असते, पुसून जात नाही, वर मात्र ओरखडे पडतात.

मग एक पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ घेऊन फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा, काळे ठिपके दिसतात का. बटणं सगळी दाबायची, कार्डाची आणि वायरीची जागा तपासायची, बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघायचं. कॅमेरा कधी पडला होता का, पाणी लागलं होतं का, हेही घरच्यांना विचारून घ्यायचं. धुळ्याहून मालेगाव तासाभराच्या रस्त्यावर. तिथल्या हौशी सिनेमावाल्यांवर फैजा अहमद खान यांनी केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. शूटिंग चालू असताना दिग्दर्शक शेख नासिर यांचा कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. असा कॅमेरा वाळल्यावर चालतोही, पण आत गंज धरतो आणि सहा महिन्यांनी बिघडतो. घेणाऱ्याला ही भीती असते, म्हणून तो विचारणारच.

दुसऱ्या बॅगेत एक खांद्यावरचा टेपचा व्हिडिओ कॅमेरा होता. ताईंना वाटत होतं, सगळ्यात जास्त पैसे याचेच येतील, कारण घेतला तेव्हा तोच सगळ्यात महाग होता. तो चालूही होता. पण आता टेप मिळत नाही, आणि लग्नवाल्यांना मोबाईलवर लगेच बघता येईल असं स्वच्छ चित्र लागतं. चालू वस्तूला भाव नाही, हे पचायला त्यांना आठवडा लागला. जुनं म्हणजे मोलाचं, असंही नसतं बरं का. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १९८९ मध्ये ते गेले. घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर देखावे मांडून काढलेले फोटो बघायला माणसं लांबून येतात. तिथल्या वस्तूंना मोल आहे ते त्या हातामुळे. आपल्या घरातल्या जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याला भंगारापेक्षा थोडा जास्त भाव आला तरी नशीब समजा.

लेन्सचं मात्र वेगळं आहे. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनीही धंद्याच्या कामाचे बिनआरशाचे नवे कॅमेरे आणले, त्याला मिररलेस म्हणतात. तेव्हापासून आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांचा भाव उतरत चाललाय. पण बऱ्याच जुन्या लेन्स मध्ये एक कडं लावून नव्या कॅमेऱ्यावर चालतात, म्हणून लेन्सचा भाव सावकाश उतरतो. उक्ता सौदा करणारा नेमकं इथे कमावतो. तो कॅमेऱ्याच्या नावाने भाव पाडतो आणि लेन्स त्याच पिशवीत घेऊन जातो. म्हणून एकेक वस्तू वेगळी मांडा, वेगळा भाव काढा.

भाव काढायला आम्ही तीन ठिकाणी विचारलं. जळगावच्या दोन दुकानांत, धुळ्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडे आणि फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात. एक गोष्ट लक्षात ठेवा. जाहिरातीत लिहिलेला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "असाच कॅमेरा गेल्या दोन-तीन महिन्यांत खरोखर कितीला गेला?" मागणारे ५२,००० पर्यंत मागत होते. खरे सौदे ४०,००० च्या आसपास झालेले निघाले, तेही कमी चाललेल्या कॅमेऱ्यांचे.

मग गटाच्या बैठकीत हिशेब मांडला. चाळीस हजारांतून पडद्याच्या खर्चाचे पूर्ण नऊ हजार घटवायचे का? ताई म्हणाल्या, पडदा अजून चालू आहे, सगळं नुकसान मीच का सोसू? ते बरोबर होतं. पण घेणाराही जोखीम घेतोच, तर निम्मे, म्हणजे ४,५०० घटवले. हाताखालचं रबर सुटलं होतं त्याचे १,००० गेले. उरले ३४,५००. मागायचे ३७,०००, आणि ३४,५०० च्या खाली उतरायचं नाही, असं वहीत लिहून ठेवलं. आधी लिहून ठेवलेला आकडा गिऱ्हाईक समोर बसल्यावर फार कामाला येतो. मोठी लेन्स चांगली असती तर २२,००० ला गेली असती. सफाईचा खर्च अडीच हजार, पण बुरशी पुन्हा येईल ही धास्ती त्याहून मोठी, म्हणून १५,००० धरले.

साकरीकडची एक मुलगी आली, बाळांचे फोटो काढायचा धंदा सुरू करणारी. सोबत स्वतःचा दुरुस्तीवाला. ताईंनी विचारायच्या आधीच शटरचा आकडा, बुरशी, रबर, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही आणखी पाडणार. पण दुरुस्तीवाल्याने तपासून तेच सांगितल्यावर ओढाताण फार झाली नाही. दोष त्याला सापडला असता, तर न सापडलेल्या दोषांचेही पैसे तिने कापले असते. कॅमेरा ३४,५०० ला आणि मोठी लेन्स १५,००० ला तिनेच घेतली. छोटी पन्नासची लेन्स ६,०००, फ्लॅश ३,०००, स्टँड १,५००, हे तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी नेलं. एकूण ६०,०००. अडीच महिने लागले.

त्या व्यापाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. त्याला गाडीचं भाडं, दुकान, पडून राहणारा माल हे सगळं बघावं लागतं, म्हणून गिऱ्हाइकापेक्षा पाव हिश्श्याने कमी दिलं तर ते रास्त आहे. आठ दिवसांत दवाखान्याला पैसे हवेत, तर व्यापाऱ्यालाच द्या. पण साठचा पाव हिस्सा गेला तर पंचेचाळीस उरतात, बावीस नव्हे.

वेळही बघा. आषाढात चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, तेव्हा शूटिंगवाल्याच्या हातात पैसा नसतो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की मागणी येते, ती आखाजीपर्यंत टिकते. आम्ही दसऱ्यानंतर विकायला काढला.

मोबाईलवर जाहिरात टाकली तर एक सांभाळा. न बघताच "पूर्ण भाव देतो" म्हणणारा, आपण सैन्यात आहोत सांगणारा, मग पैसे पाठवायला कोड स्कॅन करायला लावणारा फोन हमखास येतो. ताईंनाही आला. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. वस्तू दाखवायची ती ग्रामपंचायतीत किंवा गटाच्या बैठकीच्या जागी, एकटीने घरी नाही. पैसे खात्यात जमा झाल्याचं बघून मगच वस्तू हातात द्यायची. दोन ओळींची पावती लिहायची, त्यात कॅमेऱ्याचा नंबर आणि सांगितलेले दोष, दोघांच्या सह्या. ताईंनी दिरांचीही सही घेतली, म्हणजे पुढे घरात बोल नको.

आणि मेमरी कार्ड देऊ नका. त्यात दुसऱ्यांच्या लेकी-सुनांचे हळदीचे, मेंदीचे फोटो असतात. पुसून टाकले तरी ते परत काढता येतात. कार्डाचे दोन-चारशे रुपये सोडलेले बरे. ताईंच्या बॅगेत अकरा कार्डं होती. त्यांनी ती बत्त्याने ठेचली, फक्त स्वतःच्या लेकीच्या वाढदिवसाचं एक ठेवलं.

गटाचं कर्ज फिटलं. टेपचा कॅमेरा अजून कपाटावरच आहे. त्याला दोनदा भंगारवाल्याने विचारलं, पण दीर नको म्हणतात.