नवरदेवाला नवरी आठवेना

लग्न तोंडावर आलेलं. नवरदेव दोस्तांबरोबर क्रिकेट खेळायला उतरतो. उंच उडालेला झेल घ्यायला नजर वर ठेवून उलट्या पावलांनी धावतो, तोल जातो आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटतो. उठून बसतो तेव्हा बोलणं ठीक, चालणं ठीक, दोस्तांची नावं पाठ. पण अलीकडचा काळ पार पुसला गेलेला. आणि जिच्याशी लग्न ठरलंय, ती मुलगी नेमकी त्याच काळात त्याच्या आयुष्यात आलेली! घरच्यांना सांगावं तर लग्न मोडायची भीती. म्हणून दोस्तच त्याला सांभाळत, समजावत, वेळ पडली तर दामटत बोहल्यापर्यंत नेतात.

ही गोष्ट 'डोक्याला शॉट' या मराठी सिनेमाची. तो १ मार्च २०१९ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शिवकुमार पार्थसारथी; सुव्रत जोशी नवरदेव, प्राजक्ता माळी नवरी, आणि दोस्तांत ओंकार गोवर्धन, रोहित हळदीकर, गणेश पंडित. मुलगा मराठी, मुलगी दाक्षिणात्य, तिचं नाव सुब्बुलक्ष्मी.

कणकुंबीसारख्या गावात हा सिनेमा जरा वेगळ्या अंगाने भिडतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चोर्ला घाटाच्या तोंडाशी वसलेलं हे गाव. घरात मराठी, बसच्या पाटीवर आणि कचेरीत कन्नड, घाट उतरला की कोंकणी. गावात थिएटर नाही. सिनेमा पाहायचा तर जांबोटीवरून बेळगाव गाठायचं, नाहीतर मोबाइलवर रेंज मिळेल तिथे बसायचं. दोन भाषांची दोन घरं एका मांडवात येणं ही पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला पडद्यावरची गंमत वाटेल. इथे ती रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. शिवाय हीच कथा 'क्वाट्ले सतीश' या नावाने २०१४ साली कन्नडमध्येही येऊन गेली होती. म्हणजे कणकुंबीतल्या एकाच घरात आजी ती मराठीत पाहू शकते आणि कन्नड शाळेत शिकलेला नातू कन्नडमध्ये.

मूळ सिनेमा तमिळ. 'नडुवुल कोंजम पक्कत्त काणोम', म्हणजे 'मधली काही पानं सापडत नाहीत'. बालाजी तरणीतरन यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. विजय सेतुपती तेव्हा आजच्याएवढे मोठे नव्हते. त्यांना मोठं करणाऱ्या सिनेमांत याचं नाव घ्यावं लागतं. पुढे तेलुगू, मल्याळम, कन्नड, गुजराती आणि मराठी असा या कथेचा प्रवास झाला. इतक्या भाषांनी ती उचलली याचं मोठं कारण मला असं वाटतं की ती कुणा लेखकाच्या कल्पनेतून आलेली नाही. छायाचित्रकार सी. प्रेमकुमार यांच्यावर स्वतःच्या लग्नाच्या वेळी खरोखर हा प्रसंग आला होता. क्रिकेट खेळताना डोक्याला मार बसला, अलीकडचा काळ विसरला, आणि मित्रांनी वेळ निभावून नेली. त्या अनुभवावर सिनेमा झाला तेव्हा कॅमेऱ्यामागे स्वतः प्रेमकुमारच उभे होते. पुढे २०१८ साली त्यांनी '९६' हा सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्याचा नायक शाळेतल्या प्रेमातलं काहीही विसरलेला नाही.

आता, असं खरंच होतं का? होतं. आणि सिनेमाने दाखवलंय त्यातलं बरंचसं बरोबर आहे. डोक्याला जोराचा धक्का बसला की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो. कानशिलाच्या आतल्या बाजूला 'हिप्पोकॅम्पस' नावाचा लहानसा भाग असतो. आज घडलेलं उद्यासाठी जपून ठेवण्याचं काम मुख्यतः त्याचं. धक्क्यानंतर ते काम काही तास, कधी काही दिवस बंद पडतं. रुग्ण जागा असतो, नीट बोलतो, पण नवं काही टिकत नाही. म्हणून तो विचारतो, "काय झालं?" तुम्ही सांगता. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, तोच सूर, तोच चेहरा. थिएटरात हशा पिकतो तो याच ठिकाणी. मात्र अशा माणसाच्या उशाशी जो रात्रभर बसलाय, त्याला ही पुनरावृत्ती काय असते ते ठाऊक असतं. दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यावं लागतं, कारण विचारणाऱ्यासाठी ती पहिलीच वेळ असते.

मागचं पुसलं जाण्यालाही एक नियम आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी तो १८८१ मध्येच मांडला होता: नवं आधी जातं, जुनं टिकून राहतं. आठवण पक्की व्हायला वेळ लागतो. ओल्या सारवणावर पाय पडला तर ठसा उमटतो, वाळलेल्या जमिनीवर उमटत नाही, तसंच हे. म्हणून नवरदेवाला बालमित्र ओळखू येतात आणि नवरी येत नाही. बरं होतानाही बहुधा लांबचं आधी परत येतं, जवळचं नंतर, आणि मार बसायच्या आधीची काही मिनिटं अनेकदा कायमचीच जातात.

काही ठिकाणी मात्र सावध राहायला हवं. या कथेच्या मल्याळम अवताराचं नावच 'मेडुल्ला ओब्लांगाटा' आहे. हा मेंदूच्या देठाचा खालचा भाग. श्वास आणि हृदयाचे ठोके तो सांभाळतो. आठवणींचा कारभार त्याच्याकडे नाही. हिंदी सिनेमाने तर आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं की डोक्यावर दुसरा फटका बसला की स्मृती परत येते. यापेक्षा घातक समजूत नसेल. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. भाताची कापणी झाली की आपल्याकडे मोकळ्या शेतांत क्रिकेटचे सामने रंगतात. तिथे कुणी असा आपटला आणि तेच-तेच विचारू लागला, तर त्याला पुन्हा खेळायला उतरवू नका. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, हातापायात कमजोरी, आकडी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता बेळगावचं मोठं हॉस्पिटल गाठा. कणकुंबीहून तो रस्ता लांबचा आणि पावसात खडतर आहे, म्हणून तर निघायला उशीर नको.

पण या सिनेमातला खरा प्रश्न मेंदूच्या डॉक्टरांचाही नाही आणि क्रिकेटचाही नाही. आठवण गेली तर प्रेमही जातं का?

जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका रुग्ण स्त्रीची हकीकत लिहिली. तिला नवं काहीच लक्षात राहत नसे. डॉक्टरांना ती दर भेटीत नव्याने भेटायची. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. टाचणी टोचली, थोड्या वेळात ती विसरलीही. पुढच्या वेळी मात्र डॉक्टरांनी हात पुढे केला तसा तिने आपला मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. प्रसंग गेला, भीती राहिली. जवळपास शंभर वर्षांनी, २०१० मध्ये, अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या पाच रुग्णांना आनंदाचे आणि दुःखाचे सिनेमाचे तुकडे दाखवले. थोड्याच वेळात रुग्णांना आपण काय पाहिलं ते आठवेना, पण मनातली उदासी किंवा आनंद मात्र त्यानंतरही टिकून होता.

टाचणीची भीती उरत असेल, तर मायेने धरलेल्या हाताची ऊबही उरत असणार. इंग्रज संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना १९८५ मध्ये मेंदूज्वर झाला आणि तेव्हापासून काही सेकंदांपलीकडचं त्यांच्या ध्यानात राहीनासं झालं. पण पत्नी डेबोरा खोलीत आली की ते धावत जाऊन तिला मिठी मारायचे, जणू फार वर्षांनी भेट होतेय. लग्न कधी झालं ते सांगता येत नव्हतं, ही आपली आहे एवढं कळत होतं.

आपल्याकडे या प्रश्नाची एक जुनी मांडणी कालिदासाच्या 'शाकुंतला'त आहे. महाभारतातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं. लोक काय म्हणतील या भीतीने तो शकुंतलेला नाकारतो. दुर्वासाचा शाप आणि अंगठी ही कालिदासाची भर. विस्मृतीने त्याने नायकाला दोषातून सोडवलं. आणि हा विसरलेला नवरा मराठी रंगभूमीवर गात-गात आला तो अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. चौथ्या अंकापर्यंत शाप पडलेला असतो, पण राजाने ओळख नाकारायचा प्रसंग पाचव्या अंकातला. म्हणजे त्या रात्रीचे प्रेक्षक पुढे काय होणार ही धाकधूक घेऊनच घरी गेले असतील.

हे अण्णासाहेब जन्मले १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूर, सौंदत्ती करत कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. त्याच खोऱ्यातलं हे गाव, भोवती सगळा कन्नड मुलूख. पुढे काही काळ त्यांनी बेळगावात शिक्षकी केली. भाषांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाने संस्कृत नाटक मराठीत आणावं आणि त्यातून नवी रंगभूमी उभी राहावी, याचा आपल्या भागाने अभिमान बाळगायला हवा, आणि तो पुरेसा बाळगला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

शाकुंतल आणि 'डोक्याला शॉट' शेजारी-शेजारी ठेवले की एक मोठा फरक दिसतो. कालिदासाने पाचव्या अंकात शकुंतलेला बोलू दिलं. भर दरबारात ती राजाला 'अनार्य' म्हणते. आपण विसरले गेलो आहोत हे तिला कळतं, ते ती सोसते आणि त्याचा जाबही विचारते. आजच्या या विनोदी सिनेमात नवरीला काही कळूच द्यायचं नाही हाच सगळा खटाटोप. कथा दोस्तांची आहे, आणि दोस्तीचा तो भाग मनापासून आवडावा असाच आहे. स्वतःचं लग्न असल्यासारखे ते राबतात. पण मांडवात शालू नेसून उभी असलेली मुलगी ज्याच्याकडे पाहून हसतेय, त्याला ती कोण हे ठाऊक नाही. ज्या क्षणी ती अक्षता झेलते, त्या क्षणी तिचा होकार अर्ध्या माहितीवर घेतलेला असतो. तिला खरं सांगितलं असतं तर ती निघून गेली असती, हे दोस्तांनी परस्पर ठरवलं. कदाचित तिने लग्न चार दिवस पुढे ढकललं असतं, त्याच्या उशाशी बसून दहाव्यांदा विचारलेल्या प्रश्नाला दहाव्यांदा उत्तर दिलं असतं.

आपल्या भागात किती मुली भाषा ओलांडून सासरी येतात. घाटाखालून वर, बैलहोंगलाकडून खानापुरात, चंदगडातून बेळगावात. नव्या घरात त्यांना ओळखणारा सुरुवातीला एकच माणूस असतो. तो एकजणही ओळखेनासा झाला तर त्या मुलीच्या मनात काय होईल, हे कुणीतरी सिनेमात दाखवायला हवं. हसवत दाखवलं तरी चालेल, किंबहुना हसवतच दाखवावं. मात्र ती गोष्ट मैदानावरच्या झेलापासून सुरू होऊ नये. हातावर मेंदी काढून बसलेल्या, नवऱ्याच्या फोनची वाट पाहणाऱ्या सुब्बुलक्ष्मीपासून सुरू व्हावी, आणि काय झालंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळावं.