भंगारातून हायड्रोजनचे कोठार

सुरतजवळच्या कवास येथे एनटीपीसीच्या वसाहतीत २०२३ सालच्या जानेवारीत स्वयंपाकाच्या नळवायूमध्ये हायड्रोजन मिसळण्यास प्रारंभ झाला. पाण्यावर तरंगणाऱ्या सौरपट्टांच्या विजेने पाण्याचे विघटन करून तो काढावयाचा, अशी ही योजना.

परंतु हायड्रोजन काढणे सोपे, साठविणे कठीण. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजनला सुमारे १२ घनमीटर जागा लागते. म्हणजे एक लहानशी खोलीच!

यावर एक उपाय असा की, या वायूला धातूच्या घरी बिऱ्हाड द्यावे. तापविलेले मॅग्नेशियमचे चूर्ण दाबाखालील हायड्रोजन शोषून घेते आणि मॅग्नेशियम हायड्राइड हे घन संयुग तयार होते. त्याच्या वजनात शेकडा ७.६ भाग हायड्रोजन असतो. ते सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले की वायू मोकळा होतो व धातू परत हाती येतो.

हा धातू नवाच हवा असे नाही. खनिजातून मॅग्नेशियम काढण्यास फार ऊर्जा खर्ची पडते. मोटारींचे निकामी भाग किंवा लेथवरचा कीस घेतल्यास ती वाचते. पोलादी गोळ्यांच्या चक्कीत हे भंगार दळले म्हणजे कणांवरील ऑक्साइडचा थर फुटतो व वायूला आत वाट मिळते. मात्र हे चूर्ण चटकन पेट घेते. म्हणून हवेचा व ओलाव्याचा स्पर्श टाळावा लागतो.

आता हिशेब पाहू. वायू सोडविण्यास लागणारी उष्णता ही त्याच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ एकतृतीयांश असते. भट्ट्यांच्या धुराड्यांतून वाया जाणारी उष्णता येथे उपयोगी पडेल, पण ती ३०० अंशांहून अधिक तापमानाची हवी. भंगार स्वस्तात मिळेल. ही उष्णता कोठून आणावयाची, हे आधी ठरविले पाहिजे.