दुबईचे ‘फ्री झोन’ म्हणजे करमाफी नव्हे

अमडापूर-चिखली पट्ट्यातून शेतमाल दुबईला पाठवू पाहणाऱ्यांचा एक समज असतो: फ्री झोनमध्ये (मुक्त व्यापार क्षेत्रात) कंपनी काढली की कर संपला. तसे नाही.

दुबई हा देश नव्हे. 1971 मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी ती एक. तिथल्या जेबेल अलीसारख्या फ्री झोनमध्ये परदेशी माल उतरवून ठेवला, तिथूनच पुढच्या देशात धाडला, तर सीमाशुल्क लागत नाही. पूर्वीचा जकात नाका आठवा: शहरातून पुढे जाणाऱ्या ट्रकला जकात नसे, माल शहरात उतरवला की भरावी लागे. तसेच इथे. फाटकाबाहेर स्थानिक बाजारात माल काढला की बहुतेक वस्तूंवर 5 टक्के सीमाशुल्क आणि 5 टक्के व्हॅट (मूल्यवर्धित कर) येतो. जून 2023 पासून कंपनीच्या नफ्यावर 9 टक्के करही आहे. फ्री झोनमध्ये 0 टक्के दर फक्त नियमांत बसणाऱ्या उत्पन्नाला.

आपल्याला खरा फायदा दुसरीकडे आहे. 1 मे 2022 पासूनच्या भारत-अमिरात करारामुळे बऱ्याच भारतीय मालाला सीमाशुल्कात सवलत आहे, पण ‘मूळ देशाचा दाखला’ (माल भारतातलाच असल्याचे प्रमाणपत्र) जोडला तरच. फ्री झोनमधल्या कंपनीच्या परवान्याचे पैसे भरण्याआधी माल नेमका कुठे विकायचा ते ठरवा.