शी-शूचा कारभार

आमच्या एकत्र कुटुंबात तान्ह्या मुलांच्या शी-शूचा सारा कारभार पुष्कळ वर्षे थोरल्या वहिनींकडे होता. मूल मान धरू लागले, की त्या त्याचा लंगोट सोडून मोरीत पाटावर बसत, गुडघे किंचित उभे ठेवून दोन्ही पावले वीतभर अंतरावर टेकवीत, आणि त्या पावलांवर मुलाला अशा बेताने बसवीत, की त्याची पाठ त्यांच्या नडग्यांना टेकावी, मांड्या पोटाशी याव्यात आणि खाली मोकळी जागा राहावी. मग तोंडाने 'शू ऽ ऽ' असा बारीक, अखंड ध्वनी सुरू होई, आणि बहुधा तो संपण्यापूर्वीच कार्यसिद्धी होई. दूध पोटात उतरताच मोठ्या आतड्याला चालना मिळते, हे शरीरशास्त्र वहिनींनी कोठे वाचले नव्हते; परंतु पाजून झाल्यावर बसवावे, झोपेतून उठल्याबरोबर बसवावे, आणि खेळता खेळता मूल एकाएकी स्तब्ध होऊन दृष्टी एका जागी खिळवू लागले तर परातीतली कणीक तशीच टाकून धावावे, हे नियम त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

'आमचा बाळ सहा महिन्यांतच सांगायला लागला' ही बढाई अशाच घरांतून ऐकू येते. ती खोटी नसते. फक्त अंमल कोणाचा चालला आहे, याविषयी तीत थोडा घोटाळा असतो. त्या वयात मुलाला ध्वनीची सवय लागते, त्याच्या खुणाही कळू लागतात. पण वेग आवरून धरणे आणि योग्य जागी पोहोचल्यावर तो सोडणे, ही दुहेरी सत्ता मज्जासंस्था परिपक्व झाल्यावाचून हाती येत नाही, आणि ती बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी सरकारच्या बालसंगोपनाच्या पुस्तिका अर्भकांना घड्याळाच्या काट्यावर बसवण्याचे फर्मान काढीत. १९६२ साली टी. बेरी ब्रेझेल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करून, मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबावे असे प्रतिपादन केले. त्या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी २८.५ महिन्यांच्या वयात आला होता.

माझ्या नातीची तयारी दिसू लागली, तेव्हा घरात मोरी उरली नव्हती, कमोड होता; आणि त्या उंच आसनावर लोंबकळणाऱ्या पायांना कशाचाच आधार नसल्याने तिला जोर कसा करावा ते उमगेना. वर लहान बैठक आणि पायाखाली देवघरातला जुना चौरंग आल्यावर गुडघे कमरेच्या वर गेले, आणि वहिनींनी मान डोलावली. पण एकदा खडा होऊन दुखले मात्र, आणि पोरीने संपच पुकारला. ती कपाटाआड जाऊन चवड्यांवर उभी राही, मांड्या आवळून धरी, चेहरा लालबुंद करी. सर्वांना वाटे, ती जोर करते आहे; वस्तुतः ती सर्व शक्तीनिशी रोखून धरीत असे. रोखलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेते, तो अधिक कठीण होतो, अधिक दुखतो, आणि भय दुणावते. अशा वेळी 'झाली का गं? बघू, झाली का?' हा सावकारी तगादा लावणाऱ्या वडीलधाऱ्यांना खोलीबाहेर काढणे, हा उपचाराचा पहिला भाग असतो. डॉक्टरांनी औषध दिले, दुधाचे पेले कमी केले. वहिनींनी भिजवलेल्या मनुका सुरू केल्या, आणि काही काळ या विषयाची वाच्यताच घरात बंद केली. टाळ्या पिटून केलेले कौतुकही मला फारसे पसंत नाही. चार माणसे दारात उभी राहून जयजयकार करू लागली, तर कोणालाही संकोच वाटावा.

रात्रीचे खाते मात्र निराळे. तेथे ना शिकवणे चालते, ना समजावणे; पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा अंथरूण ओले करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना कसलाही आजार नसतो. त्यामुळे गादीवरचे मेणकापड काढण्याची घाई आम्ही केली नाही. बालवाडीच्या अर्जात 'मूल स्वतः सांगते काय?' असा रकाना होता. सूनबाईंनी क्षणभर विचार करून तेथे 'दिवसा सांगते' असे लिहिले.