डांग्या खोकला : औषध दिले तरी ढास का थांबत नाही?

लेकराला खोकल्याची उबळ येते. खोकून खोकून तोंड लाल होते, श्वास आत ओढताना 'हूप' असा आवाज निघतो आणि शेवटी उलटी होते. हा डांग्या खोकला. औषधाचा डोस पुरा झाला तरी ढास चालूच राहते, तेव्हा घरात म्हणतात, "औषध लागू पडत नाही." मग कुणी डॉक्टर बदलतो, कुणी गंडा-दोरा सुचवतो. म्हणून याचे खरे कारण माहीत हवे.

या रोगाचा जंतू बोर्डेटेला पर्टुसिस. ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू या बेल्जियन शास्त्रज्ञांनी तो १९०६ साली शोधला.

आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक केसांसारखे रोम असतात. ते सतत हलून धूळ आणि कफ वर घशाकडे ढकलतात. जंतू नेमका या रोमांना चिकटतो. वाढताना तो आपल्या भिंतीचे तुकडे बाहेर टाकतो. शिवाय त्याच्या बाहेरच्या पटलात एंडोटॉक्सिन नावाचे विष असते. ही दोन्ही मिळून अस्तरातल्या कफ करणाऱ्या पेशींना चिथावतात. त्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि त्याने शेजारच्या रोमवाल्या पेशी मरतात. अमेरिकेतील विल्यम गोल्डमन व सहकाऱ्यांनी हॅमस्टर या प्राण्याच्या श्वासनलिकेवर प्रयोग करून २००० साली हे मांडले.

रोमच गेले, तर कफ झाडणार कोण? मग खोकूनच तो काढावा लागतो. औषधाने जंतू मरतात, पण उजाड झालेले अस्तर भरून यायला वेळ लागतो. ढास रेंगाळण्याचे हे एक मोठे कारण. तरीही औषध अर्ध्यावर सोडू नका. त्याने घरातल्या इतरांना होणारी लागण थांबते. सुरुवातीलाच घेतले तर आजारही सौम्य होऊ शकतो.

तान्ह्या बाळाला 'हूप' आवाज न येताही श्वास थांबू शकतो. बाळ निळे पडले, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. घरात कुणाला खोकला असेल, तर त्याने बाळाजवळ जाऊ नये.

खरा उपाय लसच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांचे झाल्यावर त्रिगुणी लस. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. टोचल्यावर एखादा दिवस ताप आला, म्हणून पुढचा डोस चुकवू नका. आजच लेकराचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा.