आधी बटाटा, मग आंबट

बटाट्याच्या रस्साभाजीत चिंचेचा कोळ आधीच घातला, तर फोडी शिजता शिजत नाहीत, हा घरोघरचा अनुभव आहे. त्याचे कारण समजून घेण्यासाठी दोन पदार्थ शेजारी ठेवून पाहू.

पहिला आपला उपवासाचा: बटाट्याची कोशिंबीर. उकडलेल्या फोडी, दाण्याचे कूट, दही आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. दुसरा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या ‘डच’ लोकांचे गरम सॅलड. हे ‘डच’ मूळचे हॉलंडचे नव्हेत, तर जर्मनभाषक प्रदेशांतून तेथे गेलेले. वाफाळत्या फोडींवर ते चरबी, कांदा, साखर व व्हिनेगर यांचे गरम मिश्रण ओततात. खुद्द हॉलंडमध्येही गरम कुस्करलेल्या बटाट्यात कच्ची पालेभाजी मिसळून ‘स्टॅम्पॉट’ करतात. सॅलडमध्ये आंबट गरम फोडींवर पडते, कोशिंबिरीत निवलेल्या फोडींवर. पण दोन्हींत ते बटाटा शिजल्यानंतरच येते. असे का?

बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः स्टार्च असतो. त्याचे कण पेशींच्या आत असतात आणि शेजारच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. पाणी तापून 60 ते 70 अंश सेल्सियसपर्यंत गेले, की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. आणखी उष्णता मिळाली, की पेक्टिनच्या साखळ्या तुटतात, पेशी सुट्या होतात आणि बटाटा मऊ लागतो. पाणी आंबट असेल, तर पेक्टिन तुटण्याची ही क्रिया फार मंदावते. स्टार्च फुगतो, पण पेशी सुटत नाहीत. फोड कडकच राहते.

हे वर्गात सहज दाखवता येते. एकाच बटाट्याच्या सारख्या आकाराच्या फोडी करा. तीन भांड्यांत सारखेच पाणी घ्या. एकात काही घालू नका, दुसऱ्यात चिंचेचा कोळ घाला, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. तिन्ही भांडी सारखाच वेळ उकळा आणि दर तीन मिनिटांनी फोडीला काडी टोचून पाहा. सोड्यातली फोड सर्वांत आधी मऊ होईल, चिंचेतली सर्वांत शेवटी.

पारनेरच्या शाळांत या प्रयोगाला आणखी एक बाजू आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे आणि कान्हूरचे पठार त्याहूनही उंच. तेथे उघड्या भांड्यातले पाणी 98 अंशांच्या आतच उकळते, त्यामुळे शिजायला आधीच थोडा अधिक वेळ लागतो. त्यात आंबट आधी पडले, तर शाळेच्या स्वयंपाकघरात इंधन वाया जाते आणि मुलांच्या ताटात अर्धकच्चा बटाटा येतो.

आता गरम आणि गार यांतला फरक. गरम फोडीतला स्टार्च अजून सैल असतो आणि उष्णतेमुळे द्रवाचे कण आत वेगाने पसरतात. म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू गरम फोडीत चांगले मुरते. निवताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन घट्ट होतात. अशा स्टार्चचा काही भाग पचायलाही जड असतो. दह्याची गोष्ट वेगळी. दही म्हणजे दुधातल्या प्रथिनांची नाजूक जाळी. ती तापली, की आकसते आणि पाणी सुटते. म्हणून दही निवलेल्या फोडींवरच घालावे.

बटाटे निवडताना एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. उजेडात राहिलेला बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि स्वतः निरुपद्रवी असतो. पण त्याच उजेडामुळे सालीलगत सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढते. त्यामुळे पोटदुखी व उलट्या होऊ शकतात, आणि उकळल्याने ते नाहीसे होत नाही. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत. हिरवा भाग व कोंब खोलवर कापून टाकावेत. बटाटा फार हिरवा किंवा चवीला कडू असेल, तर सबंध फेकून द्यावा.

आमटीतही आमसूल किंवा चिंच डाळ शिजल्यावरच का घालतात? हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा आणि उत्तर त्यांनाच प्रयोग करून शोधू द्यावे.