घोड्यांच्या रक्तचाचण्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयावर औषध नाही. या रोगाचा विषाणू एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर तेथेच राहतो आणि रक्त शोषणाऱ्या मोठ्या माश्यांच्या तोंडाला लागलेल्या रक्तातून किंवा पुन्हा वापरलेल्या सुईतून दुसऱ्या घोड्यात जातो. बाधित घोड्याला अनेक देशांत दयामरण दिले जाते, अथवा त्याला जन्मभर इतर घोड्यांपासून दूर (अमेरिकेत किमान २०० यार्ड) ठेवावे लागते. त्यामुळे ज्या चाचणीवर हा निर्णय होतो, तिच्याविषयीचे गैरसमज घोड्याच्या जिवावर बेततात.

चाचणीत विषाणू सापडतो, हा पहिला गैरसमज. प्रत्यक्षात शोध घेतला जातो तो प्रतिपिंडांचा, म्हणजे विषाणूला उत्तर म्हणून शरीराने तयार केलेल्या प्रथिनांचा. अमेरिकेतील लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमारास रूढ केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत अगरच्या पातळ थरात मधोमध एक आणि भोवती सहा भोके पाडतात. मधल्या भोकात विषाणूचे शुद्ध प्रथिन, तर भोवतीच्या भोकांत आलटूनपालटून तपासायचे रक्तजल आणि बाधित असल्याचे आधीच माहीत असलेले रक्तजल घालतात. एकदोन दिवसांत दोन्ही बाजूंचे पदार्थ अगरमध्ये झिरपून जेथे भेटतात तेथे पांढुरकी रेषा उमटते. प्रतिपिंड अगदी थोडे असतील तर नमुन्याची स्वतंत्र रेषा दिसतच नाही, केवळ शेजारच्या ज्ञात रक्तजलाच्या रेषेचे टोक किंचित आत वळते. तो बाक ओळखणे हे अनुभवी नजरेचे काम आहे.

एलायझा ही चाचणी नवी, जलद आणि अधिक संवेदनशील आहे, म्हणून तिचा निकाल अंतिम मानावा, असेही अनेकांना वाटते. संवेदनशीलता म्हणजे बाधितांना न चुकता पकडण्याची क्षमता आणि विशिष्टता म्हणजे निरोगी घोड्याला निरोगीच ठरवण्याची क्षमता. समजा, १०,००० घोड्यांत १० बाधित आहेत, चाचणी त्या दहाही घोड्यांना पकडते आणि तिची विशिष्टता ९९ टक्के आहे. तरीही सुमारे १०० निरोगी घोडे पॉझिटिव्ह ठरतील, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर अकरा घोड्यांपैकी जेमतेम एक खरोखर बाधित असेल. रोग जितका विरळ, तितका हा धोका मोठा. म्हणूनच एलायझात पॉझिटिव्ह आलेला नमुना कॉगिन्स चाचणीने पडताळतात आणि दोहोंचे निकाल जुळले नाहीत तर विषाणूची वेगवेगळी प्रथिने अलग करून तपासणारी इम्युनोब्लॉट चाचणी करतात. ही पायरी वगळून घोड्याचा निकाल लावणे अशास्त्रीय आणि अन्यायाचे आहे.

निगेटिव्ह म्हणजे घोडा निर्धोक, ही समजूत तर सर्वांत घातक आहे, कारण संसर्गानंतर बहुतेक घोड्यांत प्रतिपिंड सुमारे ४५ दिवसांच्या आत दिसू लागतात, काहींत मात्र ६० दिवसांहून अधिक लागतात आणि त्या काळात घोड्याच्या रक्तात विषाणू असूनही अहवाल स्वच्छ येतो. उलट बाधित घोडीच्या शिंगराला आईच्या चिकातून प्रतिपिंड मिळतात, त्यामुळे संसर्ग झालेला नसतानाही ते साधारण सहा ते आठ महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा शिंगराला वेगळे ठेवून पुन्हा तपासणे हाच मार्ग आहे.

एका रोगाचा नियम दुसऱ्याला लावणेही चूक. रक्तक्षयात खात्रीने आढळलेले प्रतिपिंड म्हणजे कायमचा संसर्ग, मग घोडा दिसायला कितीही धडधाकट असो. अश्वफ्लू किंवा अश्वनागीण यांत मात्र ते जुन्या संसर्गाचे अथवा लसीचेही असू शकतात, म्हणून आजारपणात एक आणि दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडांचे प्रमाण किमान चौपट वाढले का, हे पाहतात.

घोडा विकत घेणाऱ्याने अहवालावरील ‘निगेटिव्ह’ या शब्दावर न थांबता रक्त कोणत्या तारखेला घेतले ते पाहावे, नव्या घोड्याला पागेतील इतरांपासून वेगळे ठेवावे आणि दोन महिन्यांनी त्याची चाचणी पुन्हा करून घ्यावी.